एका दिवसाचे छायाचित्र, आयुष्यभराची प्रभावना



कोणत्याही धर्मसंस्थेच्या सुवर्णमहोत्सवात पूजन, व्याख्यान, साधर्मिक भक्ती यांच्याबरोबर एक प्रश्न नेहमी उपस्थित होतो. आलेल्या प्रत्येकाच्या हाती काय द्यावे? जैन परंपरेत यालाच प्रभावना म्हणतात. कधी बत्तासे, कधी श्रीफळ, कधी स्टीलची वाटी, तर कधी चांदीचे नाणे. काळ बदलला तशी प्रभावनेची वस्तूही बदलली. गेल्या काही वर्षांत तिच्यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे कार्यक्रमाच्या जागीच काढलेले, नाव व तिथी घालून तिथेच छापून दिलेले छायाचित्र. कुणी ते चौकटीत देतात, कुणी कपावर छापून देतात. विवाहसमारंभात आणि शहरी मेळाव्यांत ही सेवा रुळली आहे. धर्मकार्यात तिला स्थान द्यावे काय, आणि द्यावयाचे तर कोणत्या मर्यादेत, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

हा विषय चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात मांडण्याचे कारण आहे. भद्रावतीच्या स्वप्नदेव श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थामुळे हा वनप्रदेश जैन समाजाला परिचित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थाचे व्यवस्थापक चतुर्भुज पुंजाभाई यांना झालेल्या स्वप्नदृष्टांतातून या तीर्थाचा पुन्हा शोध लागला, असे परंपरा सांगते. परंतु तीर्थाच्या उत्सवाला येणारे सारेच जैन नसतात. परिसरातील शेतकरी येतात, मजूर येतात, गोंड व माडिया कुटुंबे येतात. चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला मराठवाड्यातून भाविकांची रीघ लागते. महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याच्या उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी यात्रा भरते. अशा यात्रांतून पूर्वी रंगविलेल्या पडद्यापुढे उभे करून फोटो काढणाऱ्यांचे तंबू लागत. पडद्यावर चंद्र असे, ताजमहाल असे, कागदी मोटारगाडी असे. ज्या घरात आरसाही मोठा नसे, त्या घरात तो एक फोटो भिंतीवर वर्षानुवर्षे राही.

आज मोबाईल जवळजवळ प्रत्येकाच्या हाती आहे. मग छापील छायाचित्राची गरज काय, असे कुणी विचारील. त्याचे उत्तर शोकाच्या घरी मिळते. घरातील वृद्ध निवर्तल्यावर तेराव्याला हार घालण्यासाठी फोटो शोधला जातो. मोबाईल बदललेला असतो, बिघडलेला असतो, किंवा त्यात मुलांचेच चेहरे असतात. अखेर मतदार ओळखपत्रावरील नखाएवढे चित्र मोठे करून आणले जाते, आणि त्या धूसर चेहऱ्यालाच हार घातला जातो. मतदारांना छायाचित्रासह ओळखपत्र देण्याची पद्धत १९९३ साली सुरू झाली. आधार योजनेचा प्रारंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातीलच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी झाला. दोन्ही व्यवस्थांची उपयुक्तता निर्विवाद आहे. परंतु ही छायाचित्रे माणसाने स्वतःसाठी काढवून घेतलेली नाहीत. ती शासनाला हवी होती, म्हणून काढली गेली. त्यांत माणूस ताठ बसलेला असतो, हसत नसतो, आणि एकटा असतो.

वनवासी समाजाच्या बाबतीत ही गोष्ट आणखी जुनी आहे. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. त्यात हिंदुस्थानातील विविध जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे होती. ग्रंथ राज्यकर्त्यांच्या उपयोगाचा होता. ज्यांचे चेहरे त्यात छापले, त्यांच्या घरी तो पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर दीडशे वर्षे उलटली, तरी जंगलातील माणसाचा फोटो काढून नेणारे पुष्कळ आणि त्याला त्याचा फोटो आणून देणारे थोडे, ही स्थिती फारशी पालटलेली नाही. म्हणून धर्मसंस्थेने एक दिवस छायाचित्रकक्ष चालविला, तर तिथे चित्र काढण्यापेक्षा चित्र देण्याला महत्त्व असले पाहिजे. घेणे आणि देणे यांतील हा फरक लहान नाही. त्यावरच हे कार्य दान ठरेल की केवळ हौस, हे अवलंबून आहे.

प्रसंगाचे स्मरणचित्र ही कल्पना जैन समाजाला नवी नाही. चातुर्मासासाठी आचार्यांना निमंत्रण देताना संघ चित्रमय विज्ञप्तिपत्रे पाठवीत. १६१० साली आग्रा संघाने विजयसेनसूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. पर्युषणातील जीवहिंसा थांबविणाऱ्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग उस्ताद शालिवाहन या दरबारी चित्रकाराने त्यात रंगविला. चित्रातील व्यक्तींची नावे त्यांच्याजवळ लिहिलेली आहेत. एक दिवस, एक प्रसंग, ओळखता येणारे चेहरे आणि नावे. आजच्या भाषेत ते स्मृतिचित्रच होय. तसेच कार्तिकी पौर्णिमेला ज्यांना पालिताण्यास जाणे शक्य नसते, ते आपल्याच गावी शत्रुंजयाच्या पटाचे दर्शन घेतात. चित्राच्या आधाराने भाव जागविणे हे परंपरेला मान्य आहे.

पुढे कॅमेरा आला, तेव्हा त्या कलेतही एका जैनाने अग्रस्थान मिळविले. मेरठजवळच्या सरधना येथील जैन कुटुंबात १८४४ साली जन्मलेले लाला दीनदयाळ हे इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीस होते. छंद म्हणून हाती घेतलेल्या छायाचित्रणाने त्यांना हैदराबादच्या निजामाच्या दरबारात नेले, आणि ते राजा दीनदयाळ झाले. १९०३ च्या दिल्ली दरबाराची छायाचित्रेही त्यांच्या संस्थेने काढली. त्यांच्या कार्यातील एक गोष्ट या विषयाला विशेष उपयोगी असून तिचा उल्लेख पुढे येईल.

श्रावकाच्या बारा व्रतांपैकी पहिली पाच म्हणजे अणुव्रते. एका दिवसाचा छायाचित्रकक्ष कसा चालवावा, याचे बहुतेक नियम या पाच व्रतांतून निघतात.

पहिले व्रत अहिंसा. छायाचित्रात हिंसा कसली, असे वरवर वाटते. परंतु १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने जिलेटिनचा लेप असलेल्या काचेची पद्धत सुचविली, आणि तेव्हापासून फिल्म व फोटोचा कागद यांवर चांदीचे क्षार धरून ठेवण्याचे काम जिलेटिन करीत आले. जिलेटिन जनावरांची हाडे व कातडी यांपासून निघते. १९२० च्या दशकात कोडॅक कंपनीतील सॅम्युअल शेपर्ड यांनी तर असे दाखविले की, जनावराने खाल्लेल्या मोहरीवर्गीय वनस्पतींतील गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरतो व त्यामुळे फिल्मची प्रकाश टिपण्याची शक्ती वाढते. याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्या काळी जैन घरांतून रात्रीभोजनाचा त्याग कसोशीने पाळला जात होता, त्या काळीही भिंतीवरील फोटोत प्राणिज पदार्थ होता. तो दोष अजाणतेपणी घडला. आज निवड करता येते. रासायनिक पद्धतीने प्रयोगशाळेत धुतल्या जाणाऱ्या रंगीत कागदात आजही जिलेटिन असते. जागीच छापणाऱ्या लहान यंत्रांची पद्धत निराळी आहे. त्यात प्लास्टिकच्या पातळ फितीवरील रंग उष्णतेने कागदावरील कृत्रिम थरात उतरतो, आणि त्यावर पारदर्शक लेप बसतो. या पद्धतीला चांदीच्या क्षारांची व त्यांना धरणाऱ्या जिलेटिनची गरज नसते. तथापि सर्व उत्पादकांचे कागद सारखे नसतात. म्हणून संस्थेने पुरवठादाराकडून कागदाच्या थराविषयी लेखी खुलासा घेणे उचित. उपाहारगृहातील पदार्थाबाबत जी चौकशी सहज केली जाते, तीच येथे करावयाची.

अहिंसेचाच दुसरा भाग प्रखर झोताचा. अग्निकायिक जीवांच्या विराधनेच्या विचाराने अनेक साधू-साध्वी फ्लॅशचा प्रकाश टाळतात. अनेक मंदिरांच्या गाभाऱ्यात छायाचित्रणास मनाईच असते. म्हणून कक्ष मंदिरापासून व प्रवचनमंडपापासून दूर, मोकळ्या उजेडात, पांढऱ्या कापडाच्या छताखाली असावा. पार्श्वनाथ जन्मकल्याणकाची पौष दशमी, म्हणजे महाराष्ट्राच्या पंचांगाप्रमाणे मार्गशीर्ष वद्य दशमी, थंडीत येते. त्या दिवसांत सकाळचा उजेड फ्लॅशची गरजच ठेवत नाही. अक्षय्य तृतीयेचे वर्षीतप पारणे मात्र चंद्रपूरच्या कडक उन्हाळ्यात येते. तेव्हा यंत्र व कागद सावलीत, धुळीपासून झाकून ठेवावे लागतात आणि काम सकाळी लवकर उरकावे लागते.

दुसरे व्रत सत्य. आजची यंत्रे चेहरा गोरा करतात, सुरकुत्या पुसतात, कधीही न पाहिलेल्या तीर्थाचा देखावा मागे जोडतात. व्यापारात ते चालत असेल. धर्मस्थानी दिलेल्या चित्रात ऐंशी वर्षांच्या आजींचा चेहरा ऐंशी वर्षांचाच दिसला पाहिजे. त्या सुरकुत्यांसाठीच नातवंडे पुढे ते चित्र जपतील. मागचा देखावाही जिथे माणूस खरोखर उभा आहे तिथलाच असावा. सत्याचा दुसरा अर्थ अधिक व्यावहारिक आहे, तो म्हणजे नाव अचूक छापणे. आत्राम, मडावी, कुमरे, सिडाम ही या भागातील नित्याची आडनावे. बाहेरून आलेला छापणारा ती सहज बिघडवितो. त्यातच जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलेले देवनागरी नाव दुसऱ्या संगणकावर उघडल्यास अक्षरांचा कचरा होतो. म्हणून युनिकोडचाच वापर ठरवून घ्यावा. नाव छापण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखवावे. ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही आपले नाव बरोबर आहे की नाही हे ऐकून सांगता येते.

तिसरे व्रत अचौर्य; शास्त्राच्या भाषेत अदत्तादान विरमण, म्हणजे जे दिले नाही ते न घेणे. चेहरा ही माणसाची स्वतःची वस्तू आहे. ती त्याने दिल्याशिवाय घेऊ नये. गर्दीत कॅमेरा घेऊन फिरत, रंगीत पोशाख वा गोंदण पाहून टिपलेले चित्र कितीही सुंदर आले, तरी ते अदत्तादानच होय. कक्षात जो आपल्या पायांनी येईल, त्याचेच चित्र निघावे. बालकाचे चित्र आई-वडिलांच्या उपस्थितीत काढावे. २०२३ साली संसदेने वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्यात संमतीला, विशेषतः मुलांच्या बाबतीत पालकांच्या संमतीला, महत्त्वाचे स्थान दिले. श्रावकाच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे व्रत या कायद्याच्या फार आधीचे आहे.

चौथ्या व्रताचा आशय येथे शील व मर्यादा या व्यापक अर्थाने घ्यावयाचा. राजा दीनदयाळांच्या कार्यातील ती उल्लेखनीय गोष्ट हीच. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत स्त्रियांसाठी स्वतंत्र छायाचित्रगृह काढले, आणि ते एका स्त्रीच्या देखरेखीखाली ठेवले. पडद्यातील स्त्रियांना तिथे संकोच न बाळगता जाता येई. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाने जे ओळखले, ते आजच्या संस्थेने विसरू नये. कक्षावर किमान एक स्त्री-कार्यकर्ती असावी. पदर नीट करण्यास, बाळाला सावरण्यास वेळ द्यावा. कुणाला कुणाच्या शेजारी उभे करावे, हे छायाचित्रकाराने ठरवू नये. विधवा भगिनी घरच्या शुभचित्रातून आपण होऊन बाजूला सरकते, असे अनेकदा दिसते. अशा वेळी तिला मधे उभे राहण्यास आदराने बोलावणे, एवढी एक कृती त्या दिवसाच्या सगळ्या खर्चाचे सार्थक करील.

पाचवे व्रत अपरिग्रह, आणि व्यवस्थापनाच्या दृष्टीने कसोटीचे तेच. पहिला प्रश्न पैशाचा. शुल्क ठेवले, तर ज्याला चित्राची सर्वांत अधिक गरज आहे तोच रांगेतून मागे फिरतो. ‘गरिबांना मोफत’ अशी पाटी लावली, तर स्वाभिमानी माणूस त्याहून लवकर मागे फिरतो. यावर सोपा मार्ग आहे. पहिली प्रत प्रत्येकाला प्रभावना म्हणून मिळावी. लक्षाधीशालाही आणि मजुरालाही. अधिक प्रती किंवा कपावरील छपाई ज्याला हवी, त्याने मूल्य द्यावे. दात्याचे नाव चित्रावर नसावे. संस्थेचे नाव व तिथी मागील बाजूस बारीक अक्षरांत असावी. समोरच्या बाजूला फक्त त्या कुटुंबाचे नाव शोभते. मोठ्या अक्षरांत संस्थेचे नाव छापले, की प्रभावनेची जाहिरात होते.

दुसरा प्रश्न संग्रहाचा. दिवसअखेर शेकडो कुटुंबांचे चेहरे आणि नावे संस्थेच्या संगणकात जमा झालेली असतात. ती ठेवण्याचा मोह होतो. पुढच्या वर्षीच्या पत्रिकेसाठी, अहवालासाठी, कदाचित देणग्यांच्या आवाहनासाठी त्यांचा उपयोग होईल असे वाटते. परंतु लोकांनी चेहरा दिला तो एका प्रतीसाठी. प्रत पोहोचली की मूळ चित्र पुसून टाकावे, आणि तसे कक्षावर आधीच लिहून ठेवावे. येथे एक बारीक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. छपाईयंत्रातील वापरलेल्या फितीवर प्रत्येक चेहऱ्याचा ठसा राहिलेला असतो, आणि तो पाहून ओळखता येतो. ती फीत कचऱ्यात न टाकता कापून नष्ट करावी.

आता दिवसाचा हिशेब. एका कुटुंबाला बसविणे, चित्र काढणे, नाव विचारणे व वाचून दाखविणे यास तीन मिनिटे धरली, तर तासाला २० कुटुंबे होतात. सकाळी ९ ते दुपारी ४, मधला एक तास वगळून, ६ तासांत १२० कुटुंबे. पंगतीला हजार माणसे अपेक्षित असतील, तर चार-पाच जणांचे कुटुंब धरून २०० ते २५० चित्रे निघतील, म्हणजे दोन कॅमेरे लागतील. छपाईला साधारण मिनिटभर लागतो, त्यामुळे यंत्रामुळे रांग सहसा थांबत नाही. ती नावापाशी थांबते. म्हणून नाव लिहिणारा कार्यकर्ता रांगेतच फिरता ठेवावा आणि स्थानिक असावा. आरंभी क्रमांकाचे बिल्ले द्यावेत. दूरच्या गावांना जाणारी शेवटची एस.टी. लवकर सुटते, त्या गावच्या लोकांना सकाळचे क्रमांक द्यावेत. जेवढी चित्रे होणार तेवढेच बिल्ले वाटावेत, म्हणजे संध्याकाळी कुणी रिकाम्या हाताने परतणार नाही. कपावरील छपाईला सुमारे २०० अंश सेल्सिअस उष्णता, काही मिनिटांचा वेळ आणि भरपूर वीज लागते. खेड्यातील खंडित विजेवर ती भरवशाची नाही, म्हणून मागणी नोंदवून नंतर घरपोच करणे बरे. कागदी चित्राचे यंत्र मात्र साध्या इन्व्हर्टरवर दिवस काढू शकते.

चौकटीसाठी प्लास्टिक वा परप्रांतीय लाकूड आणण्याचे कारण नाही. हा बांबूचा प्रदेश आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात आणला. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ साली बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राची स्थापना झाली. बांबूच्या कामट्यांची चौकट या भागातील कारागीर सहज करतात. तिची मागणी महिनाभर आधी नोंदविली, तर प्रभावनेतील काही रक्कम त्याच जंगलात परत जाते. चित्र ओल, धूर व उन्हापासून दूर टांगावे, एवढी सूचना सोबत तोंडी द्यावी.

एक आक्षेप मात्र विचारात घेतला पाहिजे. जैन दर्शन देहाचे ममत्व सोडण्यास सांगते. मग देहाचे चित्र देऊन मोह वाढविणे कितपत योग्य? हा आक्षेप पोकळ नाही. तपस्व्याचे मोठे चित्र लावले, की तपामागोमाग अहंकारही पुढे येऊन उभा राहतो. म्हणून तपाचे चित्र तपस्व्याने मागितले तरच, आणि घरापुरतेच द्यावे. परंतु ज्याच्याजवळ स्वतःचे एकही चित्र नाही, त्याला त्यागाचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसाला उपवासाचे महत्त्व सांगण्यासारखे आहे. त्याग हा असलेल्याचा होतो. ज्याचा चेहरा आजवर केवळ नोंदींसाठी टिपला गेला, त्याला एक दिवस आदराने बसवून, नाव विचारून, त्याचे चित्र त्याच्याच हाती देणे हा साधर्मिक भक्तीचा आणि जीवमैत्रीचा विस्तार आहे.

पन्नास वर्षांच्या संस्थेजवळ देण्यासारखे पुष्कळ असते. इमारती असतात, निधी असतो, कार्यकर्त्यांची फळी असते. ज्या परिसराने तिला पन्नास वर्षे आश्रय दिला, तेथील एखाद्या झोपडीत बांबूच्या चौकटीत एक हसरे कुटुंब टांगलेले असावे, नाव अचूक असावे, आणि ते चित्र कुणी दिले हे मागे उलटून पाहिल्यावरच कळावे. सुवर्णमहोत्सवाची याहून साजेशी प्रभावना सहसा सापडणार नाही.

जय जिनेंद्र.